मराठी व्यावसायिक रंगभूमी आणि नटाची लोकप्रियता : डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
ठाणे शहरातील वर्तकनगर ही म्हाडाची वसाहत ओलांडून घोडबंदर रस्त्याच्या दिशेने गेल्यास डॉ. काशिनाथ घाणेकर यांचे नाव धारण करणारे नाट्यगृह लागते. मासुंदा तलावाकाठी १९७८ साली सुरू झालेले रंगायतन मात्र नाटककार राम गणेश गडकरी यांच्या नावाचे आहे. एकाच शहरातील एका नाट्यगृहास नाटककाराचे व दुसऱ्यास नटाचे नाव असावे, ही बाब अर्थपूर्ण आहे. नाटक नेमके कोणाचे – लेखकाचे, संस्थेचे की नटाचे, हा मराठी रंगभूमीवरील जुना वाद त्यातून सूचित होतो. प्रस्तुत लेखात घाणेकरांच्या लोकप्रियतेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका :
घाणेकरांना मराठी रंगभूमीवरील 'पहिला सुपरस्टार' म्हणण्याचा प्रघात आहे. इतिहासाच्या कसोटीवर हे विधान तपासून घ्यावे लागते. नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन होण्यापूर्वीच असामान्य कीर्ती मिळविली होती. त्यांच्या स्त्रीभूमिकांतील पेहरावाचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. तथापि बालगंधर्वांची कीर्ती 'मंडळी'च्या आश्रयाने वाढली. नट, वादक, पडदे, भोजन व बिऱ्हाड या सर्वांचा भार तेथे एका संस्थेवर असे. बोलपटांच्या आगमनानंतर ही व्यवस्था मोडकळीस आली.

बदललेली व्यवस्था :
स्वातंत्र्योत्तर काळात निर्माता, कंत्राटदार आणि प्रयोगागणिक 'नाइट' घेणारा नट अशी नवी रचना रूढ झाली. मूळचे चिपळूणचे व व्यवसायाने दंतवैद्य असलेले घाणेकर या रचनेतून पुढे आले. वसंत कानेटकर यांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) मधील संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले' (१९६६) मधील लाल्या या भूमिकांनी त्यांना अफाट लोकप्रियता दिली. वस्तुतः दुसऱ्या नाटकाची मध्यवर्ती व्यक्तिरेखा विद्यानंद ही असून ती प्रभाकर पणशीकर यांनी साकारली होती. तरीही तरुण प्रेक्षकांच्या मनात ठसला तो बेदरकार लाल्या. संहितेतील केंद्र एक आणि प्रेक्षकांनी मानलेले केंद्र दुसरे, असा हा पेच होता. जाहिरातीत सर्व नावांच्या शेवटी 'आणि' या अव्ययानंतर घाणेकरांचे नाव येई. श्रेयनामावलीतील अखेरचे स्थान अशा रीतीने मानाचे ठरले.

तौलनिक संदर्भ :
प्रादेशिक भाषेतील करमणुकीचा असाच इतिहास हाँगकाँगमधील कँटोनी रंगभूमीस लाभला आहे. तेथे याम किम-फाय ही अभिनेत्री पुरुषभूमिकांसाठी, विशेषतः स्त्रीप्रेक्षकांत, विख्यात होती. बालगंधर्वांच्या कीर्तीची ही जणू उलटी प्रतिमा होय. ब्रूस ली याचे वडीलही कँटोनी संगीतनाट्यातील नट होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी मँडरिन चित्रपटांपुढे कँटोनी चित्रपट जवळजवळ लुप्त झाला; १९७३ नंतर तो सावरला आणि पुढे कँटोनी गीतसंगीतासह त्याने स्वतःचे तारे घडविले. मराठीची स्थिती वेगळी होती. मुंबईतच हिंदी चित्रपटाचे केंद्र असल्याने मराठी ताऱ्याची सत्ता मुख्यतः नाट्यगृहात राहिली. घाणेकरांचा 'पाठलाग' (१९६४) हा मराठी चित्रपट 'मेरा साया' (१९६६) म्हणून हिंदीत गेला. कथा गेली, पण तिच्याबरोबर नट गेला नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

मर्यादा :
नाट्यगृहातील लोकप्रियतेस नटाची प्रत्यक्ष उपस्थिती अनिवार्य असते. चित्रपट नटाच्या अनुपस्थितीत चालतो. नाटकाचा प्रयोग चालत नाही. त्यामुळे नटाची प्रकृती, लहर किंवा व्यसन यांचा भार निर्माता, सहकलावंत व रंगमंच कामगार या सर्वांच्या उपजीविकेवर पडतो. जुन्या मंडळीत निदान बिऱ्हाड व भोजन यांची सोय असे; नव्या रचनेत प्रयोग रद्द झाला की 'नाइट'ही बुडे. २ मार्च १९८६ रोजी दौऱ्यावर असताना अमरावती येथे घाणेकरांचे निधन झाले. दौरा हेच या व्यवसायाचे बळ होते आणि नटाची दमछाकही त्यातच होती.

अभ्यासकापुढे साधनांचाही प्रश्न उभा राहतो. प्रयोग संपताच नाहीसा होतो. उरतात जाहिराती, छायाचित्रे, परीक्षणे व आठवणी. कांचन घाणेकर यांचे 'नाथ हा माझा' हे पुस्तक व २०१८ सालचा 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' हा चित्रपट यांनी ही स्मृती जागती ठेवली. परंतु आत्मीयतेने केलेले स्मरण आणि चिकित्सक इतिहास यांतील भेद अभ्यासकाने विसरू नये.

निष्कर्ष :
घाणेकर हे मराठी रंगभूमीवरील पहिले लोकप्रिय नट नव्हेत. मंडळीचा आधार नसताना केवळ स्वतःच्या नावावर नाट्यगृह भरू शकणाऱ्या पिढीचे ते ठळक प्रतिनिधी होत. या स्वातंत्र्याने नटाला प्रतिष्ठा व पैसा दिला, पण त्याला सावरणारी संस्था दिली नाही. नाट्यगृहाला नाव देऊन समाजाने त्यांच्या यशाचा गौरव केला आहे. त्या यशाची किंमत कोणी व कशी मोजली, याची नोंद करणे हे इतिहासलेखनाचे काम आहे.