हुकलेली भेट आणि एक कलम

आपल्यापैकी बहुतेकांच्या मेजावर आज संगणक आहे आणि कचेरीतील टिपणे त्याच्या ‘सी’ नावाच्या कप्प्यात साठत असतात. नव्याने रुजू झालेल्या एका तरुण सहकाऱ्याने मध्यंतरी आम्हांस विचारले की, ‘ए’ आणि ‘बी’ कोठे गेले? ती अक्षरे फ्लॉपीची, एवढे उत्तर पुरेसे होते. परंतु अक्षरांची ही रीत वैयक्तिक संगणकांत रूढ करणाऱ्या गृहस्थाचे नाव त्यास ठाऊक नव्हते, याची आम्हांस रुखरुख लागली.

त्यांचे नाव गॅरी किल्डॉल. कॅलिफोर्नियात माँटेरे येथील नौदलाच्या महाविद्यालयात ते शिकवीत. १९७४ साली त्यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम रचली. तिची खुबी अशी की, यंत्रागणिक बदलणारा भाग त्यांनी पुढे एका लहानशा खंडात वेगळा काढला. नमुना एकच ठेवून प्रत्येक खात्याने वरचे पत्र तेवढे आपले जोडावे, तसाच हा प्रकार! नव्या यंत्राच्या निर्मात्यास तेवढाच खंड नव्याने लिहावा लागे. म्हणून ही प्रणाली नाना कंपन्यांच्या यंत्रांवर पसरली.

१९८० साली आयबीएमने वैयक्तिक संगणक घाईने बाजारात आणण्याचे ठरविले. प्रणालीसाठी तिची माणसे प्रथम मायक्रोसॉफ्टकडे गेली आणि तेथून त्यांना किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्चकडे धाडण्यात आले. त्या दिवशी किल्डॉल आपल्या विमानातून बाहेर गेले होते. पुढे दंतकथा झाली ती एवढीच की, लक्ष्मी दारी आली असता हा गृहस्थ आकाशात मौज करीत होता. वस्तुतः ते व्यवसायाच्याच कामासाठी गेले होते. घरी त्यांच्या पत्नी डोरोथी होत्या आणि कंपनीचा व्यवहार त्याच पाहत. आयबीएमने पुढे केलेला गुप्ततेचा करार एकतर्फी होता. त्यांनी सही केली नाही. असल्या मसुद्यावर डोळे मिटून सही न करणे हा दोष असेल, तर आमची सारी नोकरीच दोषात गेली म्हणावयाची! त्या दुपारनंतर काय घडले, याविषयीच्या साक्षी जुळत नाहीत; मात्र करार झाला नाही.

इकडे सिएटलमध्ये टिम पॅटर्सन या तरुणाने सीपी/एमची नवी आवृत्ती येईना, म्हणून तिच्याच धर्तीवर एक कामचलाऊ प्रणाली लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने प्रथम तिचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये ५०,००० डॉलरला सर्व हक्क विकत घेतले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा संगणक प्रसिद्ध झाला. पुढे किल्डॉल यांची प्रणालीही आयबीएमने विक्रीस ठेवली. परंतु डॉसची किंमत ४० डॉलर आणि हिची २४०. गिऱ्हाइकाने काय उचलले असेल, हे सांगावयास नको.

आमच्या मते खरी संधी हुकली ती मात्र किल्डॉल यांची नव्हे, आयबीएमची. हीच प्रणाली इतरांना विकण्याचा हक्क तिने मायक्रोसॉफ्टकडे राहू दिला. यंत्र आपले, त्यापुढे प्रणालीची काय मातब्बरी, असा तो हिशेब असावा. १९८२ च्या अखेरीस कॉम्पॅकने आयबीएमशी जुळणारे यंत्र जाहीर केले, मग इतरही आले आणि त्या प्रत्येकास डॉस हवे होते. यंत्रे स्वस्त होत गेली, आयबीएमचा वरचष्मा गेला. प्रणालीची मिळकत मात्र एकाच घरी जमत राहिली. एवढे सारे एका कलमाने घडले, विमानाने नव्हे.

डिजिटल रिसर्च १९९१ साली नॉवेलने घेतली. २०१४ साली पॅसिफिक ग्रोव्ह येथील तिच्या जुन्या जागेपुढे सीपी/एमच्या स्मरणार्थ फलक बसविण्यात आला. किल्डॉल १९९४ सालीच, वयाच्या ५२ व्या वर्षी, निवर्तले होते.