सर्पदंशचिकित्सा, मुखेड (जि. नांदेड)

सर्पदंशाच्या ग्रामीण उपचारांवरील भारतीय वैद्यकीय लेखनात नांदेड जिल्ह्यातील मुखेड या तालुक्याच्या गावाचा उल्लेख येतो, तो तेथील डॉ. दिलीप पुंडे यांच्या कामामुळे. ग्रामीण महाराष्ट्रातील सर्पदंश-उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव मांडणारा त्यांचा निबंध २००५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महानगरातील अध्यापन-रुग्णालयात पोहोचणारा रुग्ण बहुधा उशिरा आलेला असतो आणि वाटेत दगावलेल्याची तेथे नोंदच होत नाही. म्हणून रुग्ण जेथे प्रथम आणला जातो, तेथील नोंदींचे मोल मोठे आहे.

पार्श्वभूमी : लातूर जिल्ह्याच्या सीमेलगतचा हा डोंगराळ, बहुतांशी कोरडवाहू भाग आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांचे दंश वैद्यकीय दृष्ट्या महत्त्वाचे मानले जातात आणि ते पेरणी-खुरपणीच्या दिवसांत वाढतात. मण्यार प्रायः रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण दिसतेच असे नाही, वेदनाही जवळजवळ नसते, आणि पहाटे पोट दुखू लागून पापण्या जड होईपर्यंत घरच्यांना शंकाही येत नाही. ‘पान लागले’ (साप चावला) असे कळताच रुग्णाला कडुनिंबाचा पाला चघळायला देऊन तो कडू लागतो का हे पाहण्याची आणि मग मांत्रिकाकडे नेण्याची रीत उपचाराचा बहुमोल वेळ खाते.

निदान : घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडते. ती ओळखण्यासाठी रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचनलिकेत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात व नंतर नलिका एकदाच तिरपी करतात. रक्त पातळच राहून ओघळले तर प्रतिविष द्यावे लागते. वीज किंवा यंत्र नसलेल्या आरोग्य केंद्रातही ही चाचणी होऊ शकते. चारही सापांच्या विषांवर चालणारे बहुसंयोजी प्रतिविष घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवतात. सापाने सोडलेले विष माणूस पाहून कमी होत नसल्याने मुलांना व प्रौढांना मात्रा सारखीच दिली जाते.

शस्त्रक्रिया : दंशाच्या जागी चीर देणे, ती चोखणे किंवा वर करकचून दोरी बांधणे आता सर्वथा त्याज्य ठरले आहे. हात वा पाय फार सुजला, म्हणजे स्नायूंच्या कप्प्यांतील दाब वाढून रक्तपुरवठा तुटेल या भीतीने स्नायूंवरील आवरण छेदण्याची शस्त्रक्रिया पूर्वी सढळपणे केली जाई. दाब प्रत्यक्ष मोजून तो पाऱ्याच्या ४० मिलिमीटरपेक्षा अधिक आढळला आणि रक्त गोठू लागले, तरच ती करावी, असे आता मानले जाते. कारण न गोठणाऱ्या रक्ताच्या रुग्णावर सुरी चालवणे म्हणजे दंशातून वाचलेल्याला रक्तस्रावाने गमावणे होय. शल्यचिकित्सकाने हात आवरता घेणे हीच या क्षेत्रातील मोठी प्रगती म्हणावी लागेल. नागदंशानंतर कुजलेला भाग काढणे व त्वचारोपण करणे ही कामे मात्र त्याच्याकडेच राहतात, आणि ती वेळेवर झाल्यास शेतमजुराचा हात कामाचा राहतो.

सार्वजनिक आरोग्य : भारतातील मृत्यूंच्या घरोघर केलेल्या पाहणीवरून २००५ या वर्षात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० माणसे दगावली असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांतील ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातील होते व जेमतेम २३ टक्के एखाद्या आरोग्य संस्थेत घडले होते. रुग्णालयांच्या आकडेवारीतून एवढे मोठे चित्र कधीच दिसले नव्हते. २००० ते २०१९ या काळातील मृत्यूंचा नंतरचा अंदाज सुमारे बारा लाखांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत समावेश केला.



सद्यस्थिती : सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला.