शोक आणि हृदय

शोकाने ऊर फुटतो असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. या उक्तीला वैद्यकाची साक्ष मिळाली ती जपानात.

१९८३ साली हिरोशिमाच्या एका रुग्णालयात छातीत कळा येत असलेली एक स्त्री दाखल झाली. हृदयालेख झटक्याचाच होता. परंतु हृदयाच्या रोहिण्या पाहिल्या, तो त्या मोकळ्या! मात्र हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचे टोक निश्चल होऊन फुगले होते. पुढे ते पूर्ववत झाले. डॉ. हिकारू सातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली या विकाराला ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिले. जपानी कोळी ऑक्टोपस धरण्यासाठी अरुंद गळ्याचे, गोल बुडाचे मडके वापरतात, ते ताकोत्सुबो.

२३ ऑक्टोबर २००४ रोजी निइगाता प्रांतात मोठा भूकंप झाला आणि त्या भागात असे रुग्ण एकाएकी वाढले. त्यांत बहुतेक प्रौढ व वृद्ध स्त्रियाच होत्या. २००५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या विटस्टीन प्रभृतींनी १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या रक्तात ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये खऱ्या झटक्याच्या रुग्णांहूनही अधिक आढळली.

बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. तथापि काही दगावतातही. शिवाय रुग्णालयातील तपासणीविना हा विकार आणि झटका यांतला भेद कळत नाही. म्हणून, श्रोतेहो, सुतकाच्या घरी एखाद्या माउलीने छाती धरली, तर ‘दुःखाने होतंय’ म्हणून तिला निजवू नये. विनाविलंब रुग्णालयात न्यावे.