घरकाम हाच व्यायाम काय ?

आपल्या मंडळात अलीकडे एक प्रश्न वरचेवर निघतो. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितले की भगिनी म्हणतात, "दिवसभर घरात राबतो, तो व्यायाम नाही तर काय ?" हल्ली मोबाईलवर पावले आणि उष्मांक, म्हणजे कॅलरी, मोजण्याची सोय झाली आहे. त्यात झाडणे, पुसणे, धुणे हे व्यायाम म्हणून लिहावे की लिहू नये, यावर दोन पक्ष पडतात. प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु तो आजचा नाही, आणि बाईच्या कामाची किंमत कोण व कशी करतो, या मोठ्या प्रश्नाशी त्याचे नाते आहे. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्याचा मागोवा घ्यावा असे वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; तेव्हा जे वाचून समजले, ते साध्या भाषेत मांडते.

प्रथम आपल्या आज्या-पणज्यांचा दिवस पाहू. आपल्या नगर जिल्ह्याचा मोठा भाग अवर्षणाचा. खाणे बाजरी-ज्वारीचे. पहाटे कोंबड्याच्या आधी जाते सुरू होई. पायलीभर दळण एकटीने ओढायचे, नाही तर सासू-सून, जावा-जावा समोरासमोर बसून खुंटा धरायच्या. मग आडावरून रहाटाने पाणी शेंदायचे, हंड्यावर कळशी घेऊन घर गाठायचे. शेणसडा, सारवण, गोठा, गोवऱ्या थापणे, सरपण आणणे, उखळात कांडणे, पाट्यावर वाटणे, आणि हे सर्व आटोपून शेतात खुरपणीला जायचे. त्या काळी "व्यायाम" हा शब्द बाईच्या वाट्याला आलाच नाही. तालीम ही पुरुषांची. बाईने केले ते काम, पुरुषाने केली ती कसरत !

त्या दळणाची आठवण ओव्यांनी जपली आहे. पुण्याच्या हेमा राइरकर व गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून बायकांच्या तोंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जड काम सुसह्य व्हावे म्हणूनच तर गाणे होते. गाण्याशिवाय जे ओढवत नाही, ते काम अंगमेहनतीचे नव्हते असे कोण म्हणेल ? पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. बाईच्या अंगावरचा एक मोठा भार उतरला, हे गिरणीचे उपकारच मानले पाहिजेत.

व्यायामाचा विचार स्त्रियांपर्यंत पोहोचला तो विसाव्या शतकात. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हाच ध्यास घेतला होता. आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले आणि ते मुलींसाठीही योग्य आहेत असे आग्रहाने सांगितले. १९३८ साली त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या म्हणण्याचा विशेष हा की, काम वेगळे आणि शरीराच्या सर्व सांध्यांना ठरवून दिलेली हालचाल वेगळी. हा भेद पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता उष्मांकाकडे वळू. अन्न हे शरीरातील इंधन आहे, हे फ्रान्समधील लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविले. काम करणारा माणूस स्वस्थ बसलेल्यापेक्षा अधिक प्राणवायू घेतो, हे त्याने प्रयोगाने सिद्ध केले. त्या प्रयोगांची चित्रे त्याच्या पत्नीने काढली आहेत, आणि त्यांत ती स्वतः टेबलाशी बसून टिपणे घेताना दिसते. म्हणजे या शास्त्राच्या उगमापाशीच एक गृहिणी वही घेऊन बसलेली आहे ! त्यानंतर शंभरएक वर्षांनी अमेरिकेत ॲटवॉटर यांनी एक बंद खोली तयार केली. माणसाला तीत ठेवून तो किती उष्णता बाहेर टाकतो, ते मोजता येई.

अशाच खोलीत १९२० च्या सुमारास अमेरिकन सरकारच्या शेतीखात्यातील लँगवर्दी आणि बॅरट या दोघांनी घरकाम मोजले. एका बाईला आत शिवण-विणकाम, इस्त्री, भांडी, झाडणे, घासणे अशी कामे करावयास लावून प्रत्येकाचा खर्च नोंदला. विणकामाला बसून राहण्यापेक्षा जेमतेम थोडा अधिक उष्मांक लागतो. धुणे, झाडणे, फरशी घासणे यांना त्याच्या कितीतरी पट लागतो, असे दिसून आले. सांगण्याचे तात्पर्य हे की, "घरकाम" नावाचे एकच काम नाही. ती वीस कामे आहेत आणि प्रत्येकाचे वजन निराळे आहे. आजचा आपला वाद बहुधा हे विसरल्यामुळेच होतो.

हिंदुस्थानात हे शास्त्र रुजले ते निलगिरीतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेत. तेथे डॉ. आयक्रॉईड यांनी १९३७-३८ च्या सुमारास आपल्याकडील धान्ये, डाळी, भाज्या यांचे पोषणमूल्य सांगणारी पुस्तिका काढली. ही संस्था १९५८ साली हैदराबादला गेली. आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. ती माणसांच्या कामाचे तीन वर्ग करते : बैठे, मध्यम आणि कष्टाचे. २०२० सालच्या तिच्या कोष्टकाप्रमाणे ५५ किलो वजनाच्या बाईला बैठ्या कामासाठी रोज १६६०, मध्यम कामासाठी २१३० आणि कष्टाच्या कामासाठी २७२० उष्मांक लागतात. बैठ्या आणि कष्टाच्या बाईत हजारावर उष्मांकांचे अंतर आहे. आपण कोणत्या रांगेत उभे राहायचे, हाच खरा प्रश्न आहे.

आणि इथेच गोष्ट पोटापर्यंत येते. १९८२ साली श्रीलता बाटलीवाला या अभ्यासक बाईंनी एका इंग्रजी साप्ताहिकात या विषयावर लेख लिहिला. कर्नाटकातील पुरा नावाच्या खेड्यात बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी कोण किती तास राबतो याची पाहणी केली होती. तिचा आधार घेऊन त्यांनी दाखविले की, जगण्यासाठी लागणाऱ्या एकूण मानवी श्रमाच्या तासांपैकी ५३ टक्के बायकांचे, ३१ टक्के पुरुषांचे आणि १६ टक्के मुलांचे होते. पाणी, सरपण, स्वयंपाक ही कामे हिशोबात धरली, तर बाईला लागणारे अन्न पुरुषापेक्षा फारसे कमी भरत नाही. न धरली, तर तिला थोडक्यात भागते असे वाटते. त्यांचे म्हणणे असे की, पाणी दारात आणले आणि चांगली चूल दिली, तर बाईच्या शरीरातील तेवढे अन्न वाचते. ते तिला जेवू घातल्यासारखेच आहे.

भगिनींनो, शेवटी जेवणारी बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. सगळ्यांची ताटे उठल्यावर उरलेली अर्धी भाकरी आणि तळाची आमटी तिच्या वाट्याला येई. तिचे काम कागदावर नव्हते, म्हणून तिची भूकही कागदावर नव्हती. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील हजारो बायका खडी फोडायला गेल्या. तेथे घनफुटांनी माप घेऊन मजुरी ठरे. परंतु त्याआधी पहाटे आणि नंतर रात्री त्यांनी घरी जे केले, त्याचे माप कोणी घेतले ? जामखेडला आरोळे डॉक्टर पती-पत्नींनी १९७० साली काम सुरू केले, तेव्हा खेड्यातल्या साध्या बायांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. घराच्या चुलीशी काय शिजते आणि कोणाच्या ताटात काय पडते, हे त्यांनाच ठाऊक असते.

म्हणून "घरकाम मोजावे काय ?" या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर : होय, मोजलेच पाहिजे. न्यायालयांनीही हळूहळू हे मानले आहे. अपघातात गृहिणी दगावली तर "ती काही मिळवीत नव्हती" असे म्हणता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून निरनिराळ्या निकालांत सांगितले. सरकारच्या २०१९ च्या वेळ-पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. २०२४ साली हेच आकडे २८९ आणि ८८ झाले.

परंतु दुसरी बाजूही तितक्याच सरळपणे पाहिली पाहिजे. पाच तास काम म्हणजे पाच तास व्यायाम नव्हे. गिरणी आली, नळ आला, गॅस आला, मिक्सर, कुकर, धुण्याचे यंत्र आले. काम लांबले तरी हलके झाले. त्याच काळात आपल्या जिल्ह्यात ऊस पिकला. लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि साखर घराघरांत रोजची झाली. श्रम घटले, गोड वाढले. आजी दळून भाकरी खात होती. आपण न दळता चहा-बिस्किट खातो.

याचा पुरावाही आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या सरकारी पाहणीत महाराष्ट्र होता. चौदा हजारांवर लोकांना विचारून असे दिसले की, निम्म्याहून अधिक लोकांची हालचाल पुरेशी नाही, आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा अधिक. त्या प्रश्नावलीत घरकामही कामातच धरले होते ! तेव्हा "आमचे काम कोणी धरत नाही म्हणून आम्ही आळशी दिसतो" हे म्हणणे येथे टिकत नाही.

थोडा हिशोबच करून पाहू. ५५ किलोची बाई अर्धा तास नेटाने झाडू-पोछा करते, तेव्हा बसून राहण्यापेक्षा सुमारे ६० उष्मांक अधिक खर्च होतात. भांडी घासण्यात अर्ध्या तासाला वीस-पंचवीस. आणि चहातील दोन चमचे साखर ४० उष्मांकांची. मूठभर शेंगदाणे दीडशेच्या वर! म्हणजे झाडून-पुसून झाल्यावर "दमले बाई" म्हणून एक गोड चहा आणि मूठभर दाणे घेतले, की जमेपेक्षा खर्च मोठा.

आणखी एक चूक मोबाईलमुळे होते. १६६० हा जो बैठ्या बाईचा आकडा आहे, त्यात स्वयंपाक, आवराआवर अशी रोजची हलकी कामे आधीच धरलेली आहेत. नुसते पडून राहिले तर ५५ किलोच्या देहाला सुमारे ११८० च लागतात; वरचे पाचशेच्या घरातले त्या कामांसाठीच आहेत. तेव्हा रोजचाच स्वयंपाक पुन्हा "व्यायाम" म्हणून लिहिला, तर एकच रुपया दोनदा जमेला धरल्यासारखे होते. वाण्याच्या वहीत आपण असे चालू देऊ काय ? मात्र दिवाळीची साफसफाई, गोधड्या धुणे, पाण्याच्या घागरी वाहणे असे नेहमीपेक्षा जड काम केले, तर ते अवश्य वेगळे लिहावे. आणि पाथर्डीकडची जी बहीण कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, डोक्यावर मोळी वाहते आणि रात्री कोपीत चूल पेटविते, तिला व्यायामाचा उपदेश करणे म्हणजे क्रूर चेष्टा होय. तिला पोटभर अन्न आणि विसावा हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे बेताची दमछाक होईल अशी हालचाल करावी. ती घरकामाची असली तरी चालते आणि ती सलग दहा मिनिटे असण्याचीही अट आता नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे : काम करताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तर ते धरावे. पण याच संघटनेने आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितला आहे. ओट्याशी उभे राहून तो होत नाही. औंधच्या राजांनी सांगितलेला भेद तो हाच.

एक गंमतीची पण विचार करण्याजोगी गोष्ट सांगून पुरे करते. २००७ साली अमेरिकेत हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या ८४ बायकांवर प्रयोग झाला. त्यांतल्या काहींना सांगितले की, तुमचे रोजचे काम हा उत्तम व्यायाम आहे. चार आठवड्यांनी त्यांचे वजन व रक्तदाब थोडा उतरलेला आढळला. ज्यांना सांगितले नव्हते, त्यांचा नाही. एवढ्या लहान प्रयोगावर फार भिस्त ठेवू नये. परंतु आपल्या कामाला मान मिळाला की अंगाला बळ येते, हे आपल्याला नवीन नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे. घरातल्या माणसांनी आपले काम पूर्ण मोजावे. ताट वाढताना, औषधपाण्याला, निर्णय घेताना मोजावे. आपण मात्र वजनाच्या वहीत ते काटेकोर मोजावे, स्वतःची फसवणूक करू नये. आणि संध्याकाळची अर्धा तास चालण्याची वेळ घरच्यांकडे मागून घ्यावी. त्या अर्ध्या तासात भांडी कोणी घासायची, हा प्रश्न निघेल. ८८ मिनिटांवाल्यांना तेवढी हालचाल सोसेल, आणि हितकरही होईल.