‘कऱ्हाड’ एका मशीनवर सापडतं, दुसऱ्यावर नाही: असं का?

डेटाबेस तोच, क्वेरी तीच. तरी काही मशीनवर शून्य नोंदी. एरर येत नाही, म्हणून यादीत असलेला माणूसही ‘नाही’ ठरतो. अशा वेळी कीबोर्ड तपासा.

‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो:
1. ऱ + हलन्त + ह
2. र + हलन्त + न दिसणारा झेडडब्ल्यूजे + ह

दिसायला दोन्ही सारखेच. पण एसक्यूलाइट ‘=’ने तुलना करताना मुळात बाइट्स जुळवतं, म्हणून ते वेगळे ठरतात.

कसं ओळखाल? दोन्ही मशीनवर टाइप केलेल्या शब्दावर लेंग्थ फंक्शन चालवा. एकीकडे 6 येईल, दुसरीकडे 7.

उपाय: सेव्ह करताना आणि शोधतानाही दुसरा प्रकार पहिल्यात बदला, जुन्या नोंदीही बदलून घ्या. युनिकोडचं एनएफसी हे करत नाही, रिप्लेस आपल्यालाच लिहावा लागतो.