यमुनेपासून अचलेपर्यंत

कादंबरी वाचून झाल्यावर मनांत जें उरतें, त्यावरून कादंबरीची परीक्षा करण्याची आपली रीत आहे. त्याच मापानें एकदां वाचकाचीही परीक्षा करून पाहावी, असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. निमित्त दोन पुस्तकांचें आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः येऊं लागली आणि १८९३ मध्यें पुस्तकरूपानें निघाली. तिच्या नायिकेसाठीं, यमुनेसाठीं, सुशिक्षित घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसले. विभावरी शिरूरकर यांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी १९३४ सालीं निघाली. तिच्या नायिकेवर, अचलेवर, तशाच घरांनीं कपाळाला आंठ्या घातल्या. दोघीही पांढरपेशा समाजाच्याच लेकी. दोघींचाही प्रश्न विवाहांतूनच निघालेला. मग एकीच्या वांट्याला अश्रु आणि दुसरीच्या वांट्याला संताप कां यावा?

हा प्रश्न नीट समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मराठी कादंबरीच्या आरंभींच स्त्री आणि विवाह हा विषय उभा आहे. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ त प्रसिद्ध झालें. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षीं झाला होता. या पुस्तकांतील नायिकेचेंही नांव यमुनाच. नवऱ्याबरोबर प्रवास करतांना ती ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते, पुढें स्वतःच विधवा होते, आणि अखेर ख्रिस्ती समाजांत जाऊन पुन्हां विवाह करते. लेखकाचा धर्मप्रसाराचा हेतु उघड आहे. तो बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षांत राहण्यासारखी आहे. या यमुनेला सुटका मिळते ती आपल्या समाजाची वेस ओलांडल्यावर. आहे त्या घरांत, आहे त्या माणसांत राहून आपल्या मनाप्रमाणें जगतां येईल, हें त्या कथेंत कोणालाच शक्य दिसत नाहीं. सोसावें, नाहीं तर निघून जावें, असे दोनच मार्ग तिच्यापुढें आहेत.

तिसरा मार्ग प्रथम दाखविला तो कादंबरीनें नव्हे, एका जिवंत स्त्रीनें. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, म्हणजे हरिभाऊ आपट्यांच्याच जन्मवर्षाचा. अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें. तथापि त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याच घरीं राहिल्या. नवऱ्यानें नांदावयास येण्याविषयीं १८८४ त मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. पुढील वर्षीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ त न्यायमूर्ति फॅरन यांनीं नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंग पत्करावा, असा निकाल दिला. बाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ त दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटलें, आणि रखमाबाई वैद्यकी शिकण्यासाठीं विलायतेला गेल्या. त्या काळीं पुण्यामुंबईंत त्यांच्यावर कडक टीका झाली, ‘केसरी’नेंही केली. टीकेचें मूळ कशांत होतें? बाईंनीं दुःख सोसलें यांत नव्हे. आपल्या बालपणीं दुसऱ्यांनीं केलेला करार आपल्याला बांधीत नाहीं, असें त्यांनीं चारचौघांत सांगितलें, यांत होतें.

हें प्रकरण मिटून दोन वर्षें झालीं आणि हरिभाऊंची यमुना ‘करमणूकी’च्या पानांवर बोलूं लागली. ती ‘मी’ म्हणून बोलते, हें या कादंबरीचें मोठें वैशिष्ट्य होय. पुरुषानें लिहिलेला असला, तरी हा ‘मी’ इतका स्वाभाविक आहे कीं वाचणाराला लेखकाचा विसर पडतो. हरिभाऊंनीं तिला रघुनाथरावांसारखा शिकलेला, प्रेमळ नवरा दिला. मुंबईंतलें वाचन, फिरणें, समवयस्कांचा सहवास दिला. शेजारीं मैत्रीण दुर्गीचा दुर्दैवी संसार ठेवला. ही योजना फार मार्मिक आहे. केवळ दुर्गीची कथा सांगितली असती तर वाचक म्हणाले असते, ‘नवरा वाईट मिळाला, तिचें नशीब.’ यमुनेच्या बाबतींत ही पळवाट उरत नाहीं. नवरा चांगला, मनें जुळलेलीं, आणि तरी तो वारतांच सासरचीं माणसें तिचें सक्तीनें केशवपन करतात. त्यानंतर ती फार दिवस जगत नाहीं. दोष एका माणसाचा नसून रूढीचा आहे, हें याहून स्पष्ट कसें सांगावें?

परंतु हा ‘मी’ वाचकाजवळ काय मागतो, तेंही पाहावें. कादंबरीच्या नांवांतच तें आहे. फक्त लक्ष्य द्या, एवढेंच तो मागतो. यमुना सांगते, सोसते आणि मरते. रखमाबाईंसारखी ‘नाहीं’ म्हणून उभी राहत नाहीं. त्याबद्दल आम्ही हरिभाऊंस दोष देत नाहीं. त्या घरांतली, त्या वयाची मुलगी जिंकतांना दाखविली असती तर चित्र खोटें झालें असतें. शिवाय वाचकाचे डोळे ओले करून त्यांनीं केशवपनासारख्या क्रूर चालीविरुद्ध जें लोकमत तयार केलें, तें दहा व्याख्यानांनीं झालें नसतें. तरी हें खरें कीं मेलेल्या यमुनेसाठीं रडण्यास कांहीं मोल पडत नाहीं. रडून झाल्यावर वाचकाला आपल्या घरांतली कोणतीही वस्तु जागची हलवावी लागत नाहीं.

पुढील काळांत कादंबरींतली स्त्री विचार करूं लागली. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’ (१९१५) मध्यें नायिकेच्या पतिनिष्ठेच्या जोडीला उत्तरेची चिकित्सक बुद्धि आहे. ‘सुशीलेचा देव’ (१९३०) मध्यें तर स्त्रीच्या मनांतील देवाची कल्पना कशी बदलत गेली, हाच कथेचा विषय आहे. काशीबाई कानिटकर या लग्नानंतर लिहावाचावयास शिकलेल्या. त्यांनीं ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) मध्यें स्त्रियांच्या हातीं कारभार असलेलें राज्य रंगविलें. पण त्यासाठीं त्यांना एक काल्पनिक संस्थान वसवावें लागलें! सदाशिव पेठेंत किंवा गिरगांवांत तें राज्य मावण्यासारखें नव्हतें. पदमनजींच्या यमुनेला धर्म बदलावा लागला, काशीबाईंच्या नायिकेला मुलूख बदलावा लागला. पांढरपेशांच्या नेहमींच्या घरांतली जागा अजून रिकामी होती.

ती जागा विभावरी शिरूरकरांनीं घेतली. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ त ह. वि. मोटे यांनीं प्रसिद्ध केला. त्यांतील मुली शिकलेल्या, मिळवत्या आणि अविवाहित. वडिलांचा संसार आपल्या पगारावर चालवितांना आपला संसार कोठें हरवला, असें त्या विचारतात. पुस्तकाविरुद्ध गदारोळ उठला. टोपणनांवाच्या आड कोण आहे, याचा शोध सुरू झाला. त्या बाळूताई खरे, पुढें मालतीबाई बेडेकर, हें मागाहून सर्वांस कळलें. दुसऱ्याच वर्षीं ‘हिंदोळ्यावर’ आली. अचलेला नवऱ्यानें टाकलेली आहे. ती रडत बसत नाहीं. विरागवर प्रेम करते, विवाहावांचून त्याच्याबरोबर राहते आणि आई होऊं इच्छिते.

येथें एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. अचलेनें रीतसर घटस्फोट घेऊन दुसरें लग्न कां केलें नाहीं, असें आजचा वाचक सहज विचारील. बडोदें संस्थानांत हिंदु विवाहविच्छेदाचा कायदा १९३१ त झाला होता; मुंबई इलाख्यांत तो १९४७ त आला, आणि साऱ्या देशाला लागू होणारा हिंदु विवाह कायदा १९५५ त. म्हणजे १९३४ त पुण्यामुंबईंतील टाकलेल्या पांढरपेशा स्त्रीला नवऱ्याच्या नांवानें कुंकू लावीत एकटें राहणें किंवा समाजाचा रोष पत्करणें, याखेरीज तिसरी वाट नव्हती. जिला आम्ही स्वैर म्हटलें, तिला सभ्य वाट आम्हीं मोकळीच ठेवली नव्हती.

‘समाज’ हा शब्दही येथें तपासून घ्यावा. या कादंबऱ्यांतला समाज म्हणजे सारा महाराष्ट्र नव्हे. महाराष्ट्रांतील अनेक जातींत पाट लावण्याची आणि काडीमोडीची चाल पूर्वींपासून होती; रखमाबाईंच्या विधवा आईचा दुसरा विवाह जातीच्या रिवाजानेंच झाला होता. त्या चालींतही जाच होते. पण जी बंधनें आपण सनातन समजून बसलों, तीं शेजारच्याच आळींत नव्हतीं. तरी समाजाची बाजू अगदींच पोकळ आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. कुटुंब टिकावें, मुलांना आईबाप असावे, शब्दाला किंमत असावी, ही चिंता खोटी नाहीं. मात्र या चिंतेचा सारा भार एकट्या स्त्रीच्या मनावर टाकून आपण मोकळे झालों, हें या पुस्तकांनीं दाखविलें.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. यमुनेनें आपल्याजवळ दया मागितली. दया देणारा नेहमींच उंचावर उभा असतो, म्हणून ती देणें आपल्याला आवडलें. अचलेनें दया मागितली नाहीं. तिनें निर्णय केला, आणि निर्णय करणारी आपल्या बरोबरीला येऊन उभी राहते. सोसणाऱ्या स्त्रीला क्षमा करणारा वाचक ठरविणाऱ्या स्त्रीला क्षमा करीत नाहीं. दोन नायिकांमधला भेद आमच्या मतें एवढाच आहे. या दोन पुस्तकांच्या मध्यें चव्वेचाळीस वर्षें गेलीं आणि त्यानंतर नव्वदांहून अधिक. कायदे बदलले, केशवपन गेलें, मुली शिकल्या. तरी एखाद्या घरांतली मुलगी आपल्या विवाहाविषयीं किंवा अविवाहाविषयीं ठामपणें कांहीं सांगूं लागली, म्हणजे दिवाणखान्यांत जी शांतता पसरते ती आमच्या ओळखीची आहे. कपाटांतील यमुनेवर आपण प्रेम करतोंच. समोर बसलेल्या त्या मुलीचें म्हणणें, डोळ्यांत पाणी न आणतां, शेवटपर्यंत ऐकून घेतलें, तर हरिभाऊंनीं पुस्तकाच्या नांवांत विचारलेल्या प्रश्नाला आपल्याकडून उत्तर मिळालें असें होईल.