मधमाश्यांपुढची मैफल

इंग्लंडच्या खेड्यांत मे-जूनमध्ये भर दुपारी अचानक भांडी बडवल्याचा आवाज येऊ लागे. अंगणातल्या गवती पेटीतून मधमाश्यांचा थवा उठलेला असे, आणि घरातलं माणूस एका हातात तवा, दुसऱ्या हातात दाराची भलीमोठी लोखंडी किल्ली घेऊन, ती तव्यावर बडवत, कुंपणं ओलांडत थव्यामागे धावत सुटे. या वादनाला तिथे ‘टँगिंग’ म्हणत. थवा एखाद्या फांदीला लटकला की वादन थांबे आणि सगळं श्रेय तव्याला जाई.

प्रथा फार जुनी. मडकी आणि खडे वाजवून लोक माश्या गोळा करतात, अशी नोंद इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने केली आहे. सोबत त्याने एक सुरेख शंकाही मांडली: मुळात त्यांना ऐकू येतं का? आणि येत असेल, तर त्या खुशीने जमतात की घाबरून? पुढे रोमन कवी व्हर्जिलने ‘जॉर्जिक्स’च्या चौथ्या भागात थव्याभोवती झांजा वाजवायला सांगितलं. शंका मागे पडली, झांजा टिकल्या.

त्या टिकण्याला व्यवहाराचीही जोड होती. रोमन कायद्याप्रमाणे उठलेला थवा नजरेच्या टप्प्यात आहे आणि त्याला गाठणं शक्य आहे, तोवरच तो मूळ मालकाचा. त्यामुळे तवा वाजवत शेजाऱ्याच्या परसात शिरणारा माणूस सगळ्या गावाला बजावत असे, की माश्या माझ्या आहेत आणि मी मागावर आहे.

एवढ्या गोंगाटात माश्या चावत कशा नसत? सह्याद्रीच्या किल्ल्यांवर आग्या मोहोळाखालून दबकत जाणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. पण नव्या घराच्या शोधात निघालेल्या माश्या पोटभर मध पिऊन निघतात, आणि राखायला त्यांच्याजवळ ना पिल्लं असतात, ना साठा. म्हणून त्या सहसा अंगावर येत नाहीत. शिवाय थवा आधी जुन्या घराच्या आसपासच कुठेतरी टेकतो आणि तिथून जागा शोधायला माश्या पाठवतो. तवा वाजो न वाजो, तो बसणारच होता.

या दोन हजार वर्षांच्या वादकांमध्ये चार्ल्स बटलर वेगळा उठून दिसतो, कारण तो ऐकायला बसला. हॅम्पशायरमधल्या वूटन सेंट लॉरेन्स गावचा हा पाद्री संगीताचा जाणकार होता. त्याने पुढे संगीतशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. 1609 मध्ये त्याचं ‘द फेमिनिन मोनार्की’ प्रसिद्ध झालं. दहाएक वर्षांपूर्वीच शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ नाटकात माश्यांचा कारभार राजाच्या हाती होता. बटलरने तिथे राणी आहे असं ठासून सांगितलं. पहिला थवा गेल्यावर काही दिवसांनी पेटीला कान लावला, तर आतून एक बारीक, लांबवलेला सूर येतो आणि त्याला खालच्या पट्टीतून उत्तर मिळतं. बटलरने हे चक्क स्वरलिपीत उतरवलं, तेही तीन मात्रांच्या लयीत. राजकन्या आईकडे थवा नेण्याची परवानगी मागते आहे, असा त्याने अर्थ लावला. 1623 च्या आवृत्तीत तर त्याने यावरून चार आवाजांचं मॅड्रिगल, म्हणजे समूहगीत, रचून छापलं.

अर्थ चुकला, कान चुकला नव्हता. आईराणी तोवर पहिल्या थव्याबरोबर निघून गेलेली असते. लांब सूर लावते ती मेणाच्या कोठडीतून बाहेर पडलेली नवी राणी. उत्तर देतात त्या अजून कोठडीत असलेल्या तिच्या बहिणी. हा सूर पोळ्यातून थरथरत जातो आणि कामकरी माश्या असतील तिथे थबकतात. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या मार्टिन बेन्सिक आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दाखवलं, की फिरणाऱ्या राणीचा सूर ऐकू येतो तोवर कामकरी माश्या बाकीच्या राण्यांना कोंडून ठेवतात. ती थवा घेऊन गेली, सूर थांबला, की पुढच्या राणीला मोकळं करतात. परवानगीचा मामला बटलरने ओळखला होता. ती देणाऱ्या मात्र कामकरी माश्या निघाल्या.

अ‍ॅरिस्टॉटलच्या शंकेचंही उत्तर मिळालं आहे. माश्या पोळ्याची थरथर पायांनी टिपतात. हवेतला आवाज त्यांना मिशांनी कळतो, पण अगदी जवळचा आणि खालच्या पट्टीतलाच. तव्याचा खणखणाट त्यांच्यासाठी जवळपास नव्हताच.

बेन्सिक यांच्याच संशोधनाच्या आधारे वुल्फगँग बट्रेस या कलाकाराने 2015 च्या मिलान प्रदर्शनासाठी ‘द हाइव्ह’ हा सतरा मीटर उंच अ‍ॅल्युमिनियमचा मनोरा उभारला. माश्यांचा गुंजारव साधारण ‘सी’ या पाश्चात्त्य स्वराशी जुळतो असं लक्षात आल्यावर मनोऱ्यासाठी संगीत करणाऱ्या वादकांनी त्याच पट्टीत साथ धरली. पोळ्यातून येणारा आवाज कधी चढेल, कधी उतरेल, हे माश्यांच्या हाती. वादकांनी मागून जायचं. 2016 पासून हा मनोरा लंडनच्या क्यू उद्यानात आहे. त्याच्याखाली लाकडी काडी दातांत धरून खांबाच्या खाचेत टेकवली, की बटलरने लिहून ठेवलेली तीच सुरावट जबड्याच्या हाडातून ऐकू येते.